पाचव्या खाचेवरची गाडी

सेकंडहँड मोटरसायकल बघायला गेलं की माणूस आधी इंजिनाला कान लावतो. मीही लावला. चेन बघितली, गरारीचे दात बघितले, टायरच्या नक्षीत नख घालून बघितलं, पुढचं चाक उचलून हँडल दोन्हीकडे फिरवलं. मागचे शॉकअप? दोन होते, जागच्या जागी होते, स्प्रिंगांवर धूळ होती. तेवढं बघून मी पुढे सरकलो आणि गाडी घेतली.

पंधरा दिवसांत फळ मिळालं. गतिरोधकावरून पुढचं चाक बिनबोभाट जायचं आणि मागचं मला सीटवरून इंचभर वर फेकायचं. चढताना नाही, उतरून झाल्यावर. खालून कुणी लाथ घालावी तसं. सरळ रस्त्यावर गाडी टणक, बारीक खडीसुद्धा कण्यात मोजता यावी. आणि तीच गाडी वळणात एखादा उंचवटा लागला की मागून डुलायची, दोन-तीन हेलकावे खाऊन मग ताळ्यावर यायची. सरळ रस्त्यात कडक आणि वळणात ढिली. ही दोन दुखणी एकाच अंगात कशी, ते मला उमजेना.

सल्ल्यांना तोटा नव्हता. "स्प्रिंगा कडक आहेत, मऊ टाक." "स्प्रिंगा बसल्यात, कडक टाक." एक मित्र तर थेट "मोनो करून टाक" म्हणाला, म्हणजे दोन्ही शॉकअप काढायचे आणि मधोमध एकच बसवायचा. ऐकायला झकास वाटतं. १९७३ साली होकन अँडरसनने मागे एकच शॉकअप असलेल्या यामाहावर २५० सीसी मोटोक्रॉसचं जगज्जेतेपद मिळवलं होतं, हे तो मित्र दर वेळी ऐकवतो. पण ती गाडी मुळातच तशी घडवलेली. माझ्या गाडीत मागचा सगळा भार चासीच्या दोन खुंट्यांवर येतो. तो उचलून मधे न्यायचा तर चासीला आणि चिमट्याला (मागचं चाक धरणाऱ्या, वर-खाली होणाऱ्या दुहेरी दांड्याला) नवीन जागी वेल्डिंग करावं लागणार. ज्या जोडावर आपण बसणार तो कुणीतरी अंदाजाने मारलेला असावा, हे मला काही पटलं नाही.

शेवटी ठरवलं, काहीही विकत घेण्याआधी मोजायचं.

गाडी डबल स्टँडवर घेतली, मागचं चाक अधांतरी. एक्सलच्या मध्यापासून सरळ वर, सीटखालच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावून तिच्यावर रेघ मारली. अंतर भरलं ५१२ मिलिमीटर. मग गाडी स्टँडवरून उतरवून दोन चाकांवर सरळ धरली: ५०६. मग मी हेल्मेट-जॅकेटसकट बसलो, पाय फूटरेस्टवर, भिंतीला कोपर टेकवून तोल सांभाळलेला, आणि भावाने टेप धरली: ४९४. म्हणजे गाडी स्वतःच्या वजनाने ६ मिमी बसते आणि मला घेऊन १८ मिमी. ह्या बसण्याला सॅग म्हणतात. एकदा मोजून मात्र भागत नाही. सील आणि बुश (जोडांतल्या अस्तराच्या नळ्या) यांच्या घर्षणामुळे गाडी जिथे अडकेल तिथे अडकते. एकदा मागून दाबून हलकेच सोडायची आणि मोजायचं, एकदा उचलून हलकेच सोडायची आणि मोजायचं, मग दोन्हींची सरासरी. पहिल्या संध्याकाळी मला हे माहीत नव्हतं, दर वेळी वेगळा आकडा येत होता आणि मी भावाच्या नजरेवर खापर फोडत होतो.

मागच्या चाकाची एकूण चाल, म्हणजे वर-खाली जाण्याचं अंतर, साधारण ९० मिमी. रस्त्यावर चालवायच्या गाडीत चालक बसल्यावर चालीचा पाव ते तिसरा हिस्सा वापरला जावा, असा ठोकताळा आहे. म्हणजे मला साधारण २३ ते ३० हवे होते, होते १८. चाकाला नुसतं वर जायला जागा असून चालत नाही. खड्डा आला की त्याला खाली उतरताही आलं पाहिजे. खाली जागा उरली नाही की शॉकअप पूर्ण ताणला जातो, चाक जमीन सोडतं आणि 'टक्' असा आवाज येतो. तो आवाज मी इतके दिवस टूलबॉक्सच्या डोक्यावर फोडत होतो.

मग स्प्रिंगांच्या खालच्या कड्या फडक्याने पुसल्या आणि आधीच्या मालकाची ओळख पटली. ह्या कड्यांना पायऱ्यांसारख्या पाच खाचा असतात. कडी फिरवली की स्प्रिंग बसवतानाच थोडी जास्त किंवा कमी दाबली जाते, त्याला प्रीलोड म्हणतात. डावा शॉकअप पाचव्या खाचेवर होता, उजवा चौथ्या. डावी-उजवी वेगळी ठेवण्यामागे काही शास्त्र नसणार; एका बाजूला सायलेन्सर आड येतो, पाना नीट लागत नाही, माणूस कंटाळतो.

प्रीलोडबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. कडी फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. एक मिलिमीटर दाबायला जेवढं बळ पहिल्या खाचेवर लागतं, तेवढंच पाचव्या खाचेवर. फक्त गाडी किती उंचीवर तरंगते ते बदलतं. हे मला पाठ होतं, पण पाठ असणं आणि कळणं यांत फरक आहे. मी मोठ्या आत्मविश्वासाने दोन्ही कड्या दुसऱ्या खाचेवर आणल्या. पुन्हा मोजलं: माझ्यासकट २७ मिमी. अगदी पुस्तकी आकडा. शॉकअपचे पैसे वाचले म्हणून खुशीत फेरी मारायला निघालो.

गाडी आधीपेक्षा वाईट चालली. लाथ थोडी कमी झाली, पण आता सपाट रस्त्यावरही ती होडीसारखी वर-खाली होत होती आणि वळणात तर मी वेग निम्म्यावर आणला. घरी येऊन सीटच्या मागच्या टोकावर दोन्ही हातांनी दाब दिला आणि सोडलं. गाडीने एकदा वर येऊन थांबायला हवं. ती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, मग थांबली.

तेव्हा कोडं सुटलं. स्प्रिंग फक्त धक्का साठवते. साठवलेला धक्का जिरवायचं काम आतलं तेल करतं. शॉकअपचा दांडा आत-बाहेर होताना पिस्टनच्या बारीक भोकांतून तेल रेटलं जातं आणि चाकाच्या उसळीची उष्णता होते. माझ्या शॉकअपमधलं ते काम कधीच बंद पडलं होतं. गाडी डुलू लागल्यावर आधीच्या मालकाने कडी एक खाच चढवली असणार, थोडं बरं वाटलं असणार. मग आणखी एक. तेलाच्या दुखण्यावर स्प्रिंगचं औषध. पाचव्या खाचेवर डुलणं थोडं दबलं आणि त्याच्या बदल्यात दणके आले, आणि मग त्याने गाडी विकली. ह्यातलं शेवटचं वाक्य माझी कल्पना आहे, पण मला ते खरं वाटतं.

डावा शॉकअप काढायला गेलो आणि अर्धा दिवस तिथेच गेला. खालचा बोल्ट सरळ आला. वरच्या खुंटीवर टोपीचा नट होता, त्याचे कोपरे आधीच कुणीतरी घासून ठेवलेले. बारा कोनी रिंग पाना लावला असता तर उरलेलेही गेले असते. सहा कोनी गोटी पाना हातोडीने ठोकून बसवला, तेव्हा नट हलला. पण शॉकअप हलेना. बुशची लोखंडी नळी आणि खुंटी गंजून एकजीव झालेल्या. माझा पहिला मोह म्हणजे मागून हातोडी. ती खुंटी चासीला वेल्ड केलेली असते. वाकली किंवा तुटली तर शॉकअपचं काम राहतं बाजूला आणि चासीचं काम सुरू होतं. गॅसने तापवायचाही विचार आला, पण तेल आणि दाब भरलेल्या बंद नळकांड्याशेजारी ज्योत नेण्याइतका मी वैतागलो नव्हतो. गंज सोडवणारं तेल मारलं आणि झोपलो. सकाळी पुन्हा मारलं. मग ओढण्याऐवजी शॉकअप खुंटीभोवती पिळायला लागलो, खालचं टोक धरून मागे-पुढे, मागे-पुढे. वीसेक मिनिटांनी कर्र आवाज झाला. इतका गोड आवाज मी त्या गाडीचा त्याआधी ऐकला नव्हता.

सुटलेला शॉकअप लाकडी फळीवर उभा धरून वरून अंगाचा भार टाकला आणि सोडला. तो टणकन वर आला, मधे कुणी अडवायलाच नाही. दांडा पुसल्यावर क्रोमवर सुईच्या टोकाएवढे गंजाचे खड्डे दिसले. प्रत्येक धक्क्याला ते खड्डे सीलच्या ओठावरून फिरतात आणि थोडं-थोडं तेल बाहेर आणतात. उजवा दिसायला कोरडा होता, पण फळीवर तोही तसाच. बाहेर तेल दिसलं नाही म्हणजे आतलं तेल शाबूत आहे असं नसतं. खोलून भरता येतील अशा जातीचे ते नव्हतेच, तोंड दाबून बंद केलेलं.

इथे मी एक चूक केली, आणि ती सगळं मोजून झाल्यावर केली, म्हणून जास्त लागली. एका जड गाडीची वापरलेली शॉकअपची जोडी मिळाली. दांडे चकचकीत, बाजूला छोटी टाकी, दिसायला रुबाबदार. "तुमच्या गाडीला डायरेक्ट बसतात," विकणारा म्हणाला. बसले, खरंच बसले. भोकं जुळली म्हणजे शॉकअप जुळला, एवढंच मी बघितलं.

माझे जुने शॉकअप भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत ३२५ मिमी होते. हे निघाले ३३५. दहा मिलिमीटरने काय होतंय, असं वाटतं. शिवाय स्प्रिंग. सगळ्यात मऊ खाचेवरसुद्धा माझ्यासकट सॅग १२ मिमी. कॅलिपर लावला तर जुन्या स्प्रिंगची तार ७ मिमी जाड, हिची ८. वेटोळे तेवढेच, घेरही जवळपास तेवढाच. एका मिलिमीटरचाच तर फरक! पण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ८ भागिले ७, त्याचा चौथा घात, म्हणजे साधारण १.७. सत्तर टक्के जास्त कडक. ती स्प्रिंग माझ्यासारख्या ६२ किलोच्या माणसाची दखलच घेत नव्हती.

लांबी आणि सॅग मिळून गाडीची मागची बाजू आता, जुने शॉकअप दुसऱ्या खाचेवर होते त्या वेळेपेक्षा, अडीच सेंटीमीटर उंच झाली होती. मागून उचललं की पुढचा फोर्क तेवढा उभा होतो. चाकांमधलं अंतर धरून हिशेब केला तर जवळजवळ एक अंश. हँडल नको इतकं चपळ झालं, वेगात हलकं लागू लागलं. साइड स्टँडवर गाडी इतकी कलायची की रस्ता जरा उतरता असला की पोटात गोळा. आणि चाक खाली लोंबलं की चेन चिमट्यावरच्या रबरी पट्टीला घासायची. चार दिवसांत ती जोडी काढली. चूक विकणाऱ्याची थोडी, माझी जास्त. टेप माझ्या खिशात होती.

आता मात्र कागदावर लिहून मग शोध सुरू केला: लांबी ३२५, वरच्या-खालच्या भोकांचे व्यास, बुशची रुंदी, खालचा जोड गोल डोळ्याचा की दुबेळक्याचा, स्वारीचं वजन, मागे कुणी किती वेळा बसतं. नवीन जोडी घेतली ती ह्या यादीबरहुकूम. नायट्रोजनच्या दाबाची, रिबाउंड (दाबलेला शॉकअप परत ताणला जाताना होणारा तेलाचा अडसर) कमी-जास्त करता येणारी. त्या दाबाचं कारण मला आवडलं. साध्या शॉकअपमध्ये तेल आणि हवा एकत्र असते, खडबडीत रस्त्यावर सतत घुसळलं की फेस होतो, आणि फेस भोकांतून तेलासारखा अडत नाही. वायूने तेल दाबून ठेवलं की बुडबुडे सहजी होत नाहीत. पण म्हणूनच हे नळकांडं घरी खोलायचं नाही. दाब सोडायला आणि भरायला ज्याच्याकडे साधन आहे त्याचंच ते काम.

खोक्यातली स्प्रिंग हातात घेऊन मी आधी कॅलिपर लावला. तार ७ मिमी. कागदावरचा कडकपणा मी जुन्या स्प्रिंगच्या सॅगवरून काढलेल्या आकड्याशी ताडून पाहिला. जवळपास तोच. म्हणजे "मऊ टाक"वालेही चुकले आणि "कडक टाक"वालेही. गाडीची स्प्रिंग पहिल्या दिवसापासून माझ्या वजनाला बरोबर होती.

बसवायच्या आधी ओळखीच्या मिस्त्रीकाकांना फोन केला, वरच्या नटाचा टॉर्क, म्हणजे तो किती जोराने आवळायचा ते, विचारायला. ते म्हणाले, "टॉर्क पुस्तकात बघ. पण दोन्ही शॉकअप बदलतोच आहेस, तर एकदा दोन्ही काढून चिमटा हलवून बघ." खरं तर डबल स्टँडवर एका वेळी एकच शॉकअप बदलला की चिमटा जागेवर राहतो आणि काम सोपं जातं. माझा बेत तोच होता. काकांमुळे दोन्ही काढले, चाकाखाली फळ्या रचल्या, चाक बाहेर घेतलं आणि चिमट्याची दोन्ही टोकं धरून आडवं हलवलं. टिक. पुन्हा हलवलं. टिक. बुश झिजलेले होते. वळणातल्या डुलण्यात त्यांचाही वाटा असणार, आणि नवे शॉकअप बसवूनही तो तसाच राहिला असता. मग मला नव्या शॉकअपचा राग आला असता. बुश बदलणं, आतला गंज साफ करणं, ग्रीस भरणं यात आणखी एक रविवार गेला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, हात काळे होतात आणि पाठ दुखते.

नवीन शॉकअपची भोकं खुंटीपेक्षा मोठी होती आणि सोबत लोखंडी नळ्या दिलेल्या होत्या. त्या पातळ ग्रीस लावून बसवल्या. पुढच्या वेळी तो कर्र आवाज मला पुन्हा ऐकायचा नाही. खुंटी तारेच्या ब्रशने घासली, आटे हाताने नट फिरवून तपासले. बाहेरच्या बाजूचा मोठा वॉशर नीट बसवला. तो शोभेचा नाही. रबरी बुश उद्या फाटला तर डोळा खुंटीवरून निसटू नये म्हणून आहे. नट आधी हाताने लावले, गाडी चाकांवर उतरवली, एकदा दाबून सोडली आणि मग टॉर्क पान्याने पुस्तकातल्या आकड्यापर्यंत आवळले. गाडी हवेत असताना आवळलं तर रबरी बुश त्याच स्थितीत धरला जातो आणि गाडी खाली आली की कायमचा पिळलेला राहतो.

ह्या जोडीला खाचा नाहीत, आट्यांची कडी आहे. एक फेरा म्हणजे दीड मिलिमीटर. हुक पान्याने फिरवत दोन्हीकडे आट्याच्या टोकापासूनचं अंतर मोजून सारखं केलं. रिकाम्या गाडीचा सॅग १७, माझ्यासकट २९.

मग रिबाउंड. खाली एक छोटं चाक, वीस क्लिकचं. पूर्ण बंद करून तिथून मागे मोजायचं, नाहीतर हिशेब राहत नाही. दहावर सुरुवात केली. गाडी दाबून सोडली, एकदा वर आली आणि थांबली. इतक्या आठवड्यांनी ते बघून मी चार-पाच वेळा उगाच दाबली. मग हाव सुटली. घट्ट म्हणजे चांगलं, असं मनात कुठेतरी असतंच. चार क्लिकवर आणलं. पहिल्या उंचवट्यावर गाडी राजासारखी गेली. पण पुढे लागोपाठ उंचवटे असलेला खडबडीत पट्टा आला आणि तिथे ती प्रत्येक दणक्यागणिक आणखी कडक होत गेली. परत यायला वेळच मिळत नव्हता. एका धक्क्यातून चाक खाली येण्याआधी दुसरा, मग तिसरा, आणि शॉकअप आखडत-आखडत शेवटी रबरी ठोकळ्यावर. पुन्हा तेच टणकपण, फक्त कारण उलटं. एका वेळी एकच क्लिक, दोन्हीकडे सारखा, त्याच पट्ट्यावरून फेरी. आठवर थांबलो. एका फेरीत अचानक सगळं सुधारल्यासारखं वाटलं होतं, घरी येऊन बघितलं तर मागच्या टायरमधली हवा कमी झाली होती. ती फेरी रद्द धरली.

बारीकसारीक मागाहून आलं. गाडीची मागची उंची बदलली की हेडलाइटचा झोत वर-खाली होतो, तो पुन्हा लावावा लागला. चेनचा ढिलेपणाही नव्याने बघितला. पुढची गरारी, चिमटा ज्याच्यावर फिरतो तो बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताणलेली असते. रिकाम्या गाडीवर बरोबर वाटणारी चेन दोघं बसल्यावर तारेसारखी होऊ शकते.

तेही मोजलं. भाऊ मागे बसला की सॅग २९ वरून ४४ वर जातो, कारण मागच्या माणसाचं जवळजवळ सगळं वजन मागच्याच चाकावर येतं. कडी चार फेरे चढवली की ३८ वर येतो, आणि रिबाउंड दोन क्लिक घट्ट केला की पुरतं. हे आकडे सीटच्या खालच्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवलेत. गेल्या आठवड्यात त्याला सोडून परत आलो आणि कडी उतरवायला विसरलो. दुसऱ्या दिवशी पहिल्याच खड्ड्यात 'टक्' झालं. गाडी बाजूला घेतली, सीट उघडली, हुक पाना काढला.